बोटांना बुरशीचं मलम लावून पीठ मळलं, पाव फुगलाच नाही. यीस्ट मेलं का?

लादीपाव | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीत असते. घरून लादीपाव आणि बनच्या ऑर्डरी घेते. पावसाळ्यात हात दिवसभर ओलेच. मागच्या आठवड्यात मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या बेचक्यात कातडी पांढरीफटक झाली, भिजलेल्या बदामाच्या सालासारखी सुटायला लागली आणि खालचं लालभडक चुरचुरायला लागलं. पायाला चिखल्या होतात तसं, पण हाताला. त्यातून मी डावखुरी आणि हे झालंय डाव्याच हाताला. डॉक्टर म्हणाले, कॅन्डिडा आहे, पाण्यात हात असणाऱ्यांना होतो, क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम लावा. आणि जाता जाता म्हणाले, "तुम्ही पावात घालता ना यीस्ट, त्याचाच हा भाऊबंद."

झालं. ते वाक्य डोक्यात बसलं. काल सकाळी मलम लावलं, तासाभराने साबणाने हात धुतले (खरं सांगते, घाईत), हातमोजे संपले होते म्हणून तशीच अर्धा किलो मैदा मळायला घेतला. दोन तास झाले तरी गोळा ढिम्म. तीन तासांनी बोट खुपसलं तर खड्डा तसाच. ऑर्डर रद्द करावी लागली. त्या गोळ्याच्या शेवटी रोट्या लाटल्या, त्या घरच्यांनी ओढून ताणून खाल्ल्या.

प्रश्न असा: बोटाला राहिलेल्या एवढ्याशा मलमाने अख्ख्या गोळ्यातलं यीस्ट मरतं का? आणि हे औषध यीस्टच्या पेशीला नेमकं करतं काय? फोडतं, विरघळवतं, उपाशी मारतं?

शेंगदाणा | शनिवार, रात्री १०:५२

पावाला आता खाज सुटणार नाही एवढी खात्री बाळगा. ह.घ्या.

तंदूर | शनिवार, रात्री १०:५५

पाणी किती गरम होतं?

कोकणकडा | शनिवार, रात्री ११:२०

यात विचारायचं काय? औषध बुरशी मारायला दिलं, यीस्ट ही बुरशी, ती मेली. डॉक्टरांनी स्वतःच भाऊबंद म्हटलंय. दोन अधिक दोन चार.

सातवी_ब | रविवार, सकाळी ७:१५

विज्ञान शिकवते म्हणून रुमाल टाकून ठेवतेय. आमच्या पुस्तकात किण्व म्हणजे यीस्ट, कलिकायन म्हणजे पेशीला कलिका (कोंब) फुटून नवी पेशी होणं, पेशीभित्तिका सगळं आहे, पण औषध नक्की कुठे घाव घालतं ते नाही. मुलं दरवर्षी विचारतात आणि मी "पुढच्या वर्गात कळेल" म्हणते.

निळी शाई | रविवार, सकाळी ९:०५

निवृत्त आहे. पुण्यात एका कॉलेजात ३० वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, म्हणून जरा लांबण लावते.

आधी पेशी कशी असते ते बघा. यीस्टची एक पेशी साधारण ५ मायक्रॉनची, म्हणजे १० ते १५ ओळीने मांडल्या तर तुमच्या एका केसाची जाडी भरेल. तिला दोन आवरणं. आतलं पेशीपटल, पातळ, मेदाचं. बाहेरची पेशीभित्तिका, कडक. सायकलची ट्यूब आणि टायर म्हणा. आत दाब भरपूर असतो, टायर तो पेलतं.

टायर विणलेलं असतं ग्लुकान नावाच्या साखरेच्या लांब साखळ्यांनी. त्यात थोडं कायटिन, खेकड्याच्या कवचात असतं तेच. वरून मॅनोप्रोटीनचा, म्हणजे साखर जोडलेल्या प्रथिनांचा थर. ट्यूबमध्ये आपल्या पेशींत जिथे कोलेस्टेरॉल असतं तिथे बुरशीत असतो अर्गोस्टेरॉल. हे नाव राय या धान्यावर पडणाऱ्या अर्गट बुरशीवरून आलं. १८८९ साली तांरे नावाच्या फ्रेंच माणसाने तो त्यातूनच वेगळा काढला. बुरशीवरची निम्म्याहून अधिक औषधं या एका रेणूभोवती फिरतात.

कारण सरळ आहे. बॅक्टेरिया आपल्यापासून इतके वेगळे, की त्यांच्यात मारायला जागा पुष्कळ. बुरशी मात्र वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. तिच्या पेशीत आपल्यासारखं केंद्रक, आपल्यासारखी यंत्रणा. तिला लागेल ते आपल्यालाही लागतं. म्हणून जिथे फरक आहे, म्हणजे अर्गोस्टेरॉल आणि भित्तिका, तिथेच नेम धरायचा.

आता तुमचं क्लोट्रिमाझोल. हे अझोल कुळातलं, फ्लुकोनाझोल आणि केटोकोनाझोलचं भावंड. हे काही फोडत नाही. अर्गोस्टेरॉल तयार होताना लॅनोस्टेरॉल नावाच्या कच्च्या मालातला एक जादा तुकडा एक एन्झाइम छाटतं. त्या एन्झाइमच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो, अझोल नेमका त्याला जाऊन चिकटतो. कात्री अडकली. छाटणी न झालेला, गाठ राहिलेला माल ट्यूबमध्ये बसवला जातो. पटल नीट जुळत नाही, गळकं होतं, त्यात बसलेली प्रथिनं भांबावतात. पण यात ग्यानबाची मेख अशी, की जुनी ट्यूब आहे तशीच असते. बिघडते ती नवी घडणारी.

पेशी वाढायला, कलिका काढायला लागली की मगच फटका बसतो.

शेंगदाणा | रविवार, सकाळी ९:११

मावशी, म्हणजे बुरशी आपली चुलत भावंडं आणि औषध म्हणजे भाऊबंदकीतला दावा? निकाल कधी लागेल सांगता येत नाही.

कोकणकडा | रविवार, सकाळी ९:४०

शाईमावशी, उत्तर छान, पण पाव फुगला नाही हे तथ्य आहे. तुमच्या म्हणण्याप्रमाणे फुगायला हवा होता.

निळी शाई | रविवार, सकाळी १०:०२

कोकणकडा, बरोबर. हवा होता. म्हणून तर मला मलमावर संशय नाही.

हिशेब करा. धुतलेल्या बोटाला राहून राहून २० मिलिग्रॅम मलम राहिलं समजा. १ टक्का म्हणजे त्यात औषध ०.२ मिलिग्रॅम. अर्धा किलो मैदा आणि पाणी मिळून ८०० ग्रॅमचा गोळा. दर ग्रॅमला पाव मायक्रोग्रॅम. एवढ्याने एखाद्या पेशीची वाढ रेंगाळेलही. पण ताईंनी यीस्ट घातलं चमचा-दोन चमचे, त्यात अब्जावधी तयार पेशी. त्यांना दोन तासांत वंश वाढवायचाच नसतो, साखर खाऊन वायू सोडायचा असतो. ते काम जुन्या ट्यूबवर आरामात होतं.

आडवाट | रविवार, दुपारी १२:३०

त्वचारोगाची प्रॅक्टिस आहे. शाईमावशींचं "नवी घडणारी" हे वाक्य मी उद्यापासून पेशंटना ऐकवणार आहे.

कारण माझ्याकडचं रोजचं भांडण हेच. चार दिवस मलम लावलं, खाज गेली, ट्यूब कपाटात. तीन आठवड्यांनी दुप्पट घेऊन हजर. कॅन्डिडावर अझोल बहुतेक वेळा वाढ थांबवतात, पेशी जागच्या जागी ठार करत नाहीत. उरलेलं काम आपली प्रतिकारशक्ती करते आणि वरची कातडी झडून जाते. त्याला वेळ लागतो. म्हणून दिसायला बरं झाल्यावरही लावत राहायचं.

लादीपावताई, दोन गोष्टी. बेचकं कोरडं ठेवणं हे अर्धं औषध, धुतल्यावर फडक्याने टिपून मगच मलम. आणि बरं होईपर्यंत मोज्याशिवाय पीठ मळू नका. पावासाठी नव्हे, खाणाऱ्यांसाठी. रागावत नाहीये.

आणि सगळ्यांनाच: मेडिकलमधून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणता त्यात बऱ्याचदा बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत पळते, बुरशी आत पसरते. आपल्याकडे गजकर्ण इतकं चिवट झालंय त्यात या मलमांचा हात मोठा आहे.

त्रिफळा | रविवार, दुपारी १:१५

हे सगळं केमिकल कशाला? आमच्या आजीने लसूण ठेचून लावून चिखल्या बऱ्या केल्या.

आडवाट | रविवार, दुपारी १:२२

आणि मी लसणाने भाजलेली बोटं बघितली आहेत. कच्चा ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवला की फोड येतात. आजीच्या पिढीला दंडवत, पण हे करू नका.

जरतारी | रविवार, दुपारी २:००

त्रिफळा अगदीच चूक नाहीत हं. लसूण आणि दालचिनी दोन्ही यीस्टला जाचतात. मी दालचिनीचे रोल करते. पूड पिठात मळली तर गोळा रडत रडत फुगतो, म्हणून ती लाटलेल्या पोळीवर लोण्यासोबत पसरायची आणि गुंडाळायची. ताई, पिठात दालचिनी घातली नव्हती ना?

लादीपाव | रविवार, दुपारी २:३०

नाही हो, साधा लादीपाव. मैदा, मीठ, साखर, दूध पावडर, तेल. यीस्टचं पाकीट मागच्याच महिन्यात फोडलंय, फ्रिजमध्ये डब्यात असतं.

मावशी, फार सुंदर समजावलंत. कोरडं टिपण्याचं आणि मोज्यांचं लक्षात ठेवते, डॉक्टर. पण मग फोडणारं औषध असतंच का नाही?

बाझेलचा बंड्या | रविवार, संध्याकाळी ६:१०

असतं ना! माझा विषय निघाला. स्वित्झर्लंडला एका प्रयोगशाळेत कॅन्डिडा आल्बिकन्सवरच काम करतो, घरी कोणी ऐकून घेत नाही, आता तुम्ही ऐका.

कॅस्पोफंजिन. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हे एकिनोकॅन्डिन गटातलं, फक्त सलाइनमधून देतात. हे ट्यूबला हातच लावत नाही, टायर विणणारा माग बंद पाडतं. ग्लुकान विणणारं एन्झाइम पेशीपटलातच बसलेलं असतं आणि पेशी जिथे वाढते तिथे, म्हणजे कलिकेच्या टोकाला, सगळ्यात जोरात चालतं. तिथे विणकाम थांबलं की टोकाची भिंत विरविरीत होते आणि आतल्या दाबाने पेशी तिथून फुटते.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. काचपट्टीवर औषध सोडून मायक्रोस्कोपखाली बसलो होतो. दीड तास काही नाही. मग एका आईच्या कुशीतली कलिका जरा जास्तच फुगली, थरथरली, आणि टोकातून आतला माल एका झटक्यात बाहेर. मागे राहिलं फिकट, सुरकुतलेलं टरफल. शेजारची पेशी, जी कलिका काढत नव्हती, ती ढिम्म बसलेली. तिला काही फरकच नाही.

आणि आता जादू. त्याच द्रवात भरपूर सॉर्बिटॉल घाला, तोच शुगर-फ्री च्युइंगगममध्ये असतो. बाहेरचा दाब वाढतो, आत-बाहेर बरोबरी होते, आणि कच्च्या भिंतीचीही पेशी फुटत नाही. औषध भिंतीवर काम करतंय का हे ओळखायची ही जुनी युक्ती आहे.

पेशीही गप्प बसत नाही. ग्लुकान कमी पडलं की ती कायटिन वाढवून ठिगळं लावते. काही वाणांत तर औषधाचा डोस फार वाढवला की पेशी उलट जास्त जगताना दिसतात, इतकं ठिगळकाम चालतं.

दुसरा फायदा असा, की भिंत उसवली की आतलं ग्लुकान उघडं पडतं. एरवी मॅनोप्रोटीनचा बुरखा असतो म्हणून आपल्या पांढऱ्या पेशींना ते दिसत नाही. बुरखा फाटला की ओळख पटते.

शेंगदाणा | रविवार, संध्याकाळी ६:१४

"घरी कोणी ऐकून घेत नाही" इथे मन भरून आलं.

कोकणकडा | रविवार, संध्याकाळी ६:३०

टायर-ट्यूबचं रूपक मला खटकतंय. टायर कारखान्यात एकदा बनतं आणि झिजतं. बंड्या म्हणतोय भिंत सतत विणली जाते. मग ते टायर कसलं?

निळी शाई | रविवार, संध्याकाळी ७:००

मान्य. चांगला मुद्दा काढलात. गोधडी म्हणा, अंगावर पांघरलेली असतानाच एका कडेने शिवत जाणारी. वर्गात मी टायरच सांगायचे कारण पोरांना सायकली होत्या.

भिंतीवरून आठवलं. कॅल्कोफ्लोर व्हाइट नावाचा रंग आहे, मुळात कापडाला पांढरेपणाची झळाळी आणणाऱ्या द्रव्यांपैकी. तो कायटिनला चिकटतो आणि अतिनील प्रकाशात निळा चमकतो. यीस्टची प्रत्येक कलिका सुटताना आईच्या अंगावर कायटिनचं गोल कडं ठेवून जाते, देवीच्या व्रणासारखं. चमकणारी कडी मोजली की बाईला किती पोरं झाली ते कळतं. बहुधा वीस-पंचवीस झाली की ती थकते.

अझोल दिलेल्या पेशींवर हाच रंग टाकला तर कडी जागेवर नसतात. कायटिन कुठेही, डागाडागांनी साचलेलं. कारण कायटिन घालणारी प्रथिनं पटलात बसतात, आणि पटलच बिनसलंय. मायलेकी वेगळ्या होत नाहीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लटकून राहतात.

बाझेलचा बंड्या | रविवार, रात्री ८:२०

मावशी, तो घोस फार महत्त्वाचा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं, की फ्लुकोनाझोलमध्ये कॅन्डिडाची मुलगी आईपासून सुटायच्या आतच स्वतः कलिका काढते. तीन पिढ्या एकत्र कुटुंबात. त्यात केंद्रकांची वाटणी चुकते, कोणाकडे गुणसूत्रं जास्त, कोणाकडे कमी. बहुतेक मरतात, पण एखादीला नेमकी अशी जादा प्रत मिळते की औषध तिला चालेनासंच होतं. म्हणजे औषधाने केलेली मोडतोडच प्रतिकाराची वाट उघडू शकते.

मधली आळी | रविवार, रात्री ९:४५

हे वाचून दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. बाबा २६ दिवस आयसीयूत होते, आतड्याची शस्त्रक्रिया. सतराव्या दिवशी ताप उतरेना, रक्ताच्या कल्चरमध्ये "यीस्ट" आलं. मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे पावातलं?" त्यांनी बिचाऱ्यांनी हसू दाबलं.

आधी फ्लुकोनाझोल चालू होतं, ते थांबवून एकिनोकॅन्डिन सुरू केलं. मानेतली सलाइनची नळी लगेच काढून दुसरीकडे घातली. डोळ्याचे डॉक्टर येऊन पडदा तपासून गेले, कारण ही बुरशी रक्तातून डोळ्यात जाऊन बसते म्हणे. कल्चर स्वच्छ आल्यावरही पुढे १४ दिवस औषध. रोजची ती छोटी बाटली आणि तिचं बिल दोन्ही लक्षात आहेत. औषध का बदललं ते आज बंड्याच्या प्रतिसादातून कळलं. बाबा आता रोज सकाळी फिरायला जातात.

ओला काजू | रविवार, रात्री १०:१०

आळी, बाबांना नमस्कार सांगा.

मी नागपूरची. २०२१ च्या मे महिन्यात काकांना म्युकर (काळी बुरशी) झाला. लिपोसोमल अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी आम्ही पाच जणांनी शहर पालथं घातलं होतं. मिळाल्या नाहीत तेव्हा पाच दिवस साधं अँफोटेरिसिन दिलं. पिवळं औषध, डेक्स्ट्रोजमध्येच घालायचं, मिठाच्या सलाइनमध्ये घातलं तर साका बसतो, हे सिस्टरनी तीनदा बजावलं. बाटलीला काळा कागद गुंडाळलेला. सुरू केल्यावर अर्ध्या तासात काका असे कुडकुडायचे की पलंग वाजायचा. रोज क्रिएटिनिन, रोज पोटॅशियम. हे औषध पेशीला काय करतं?

निळी शाई | सोमवार, सकाळी ८:३०

काजू, म्युकर ही यीस्ट नव्हे, तंतूंची बुरशी. फ्लुकोनाझोल तिला लागत नाही, कॅस्पोफंजिनवर विसंबता येत नाही. अँफोटेरिसिन लागतं, कारण त्याचा नेम अर्गोस्टेरॉलवर आहे आणि तो तिच्याकडेही असतो.

हे औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जंतूपासून मिळालं. आम्ही शिकवायचो की त्याचे रेणू पटलात गोल उभे राहून भोक पाडतात, त्यातून पोटॅशियम गळतं आणि पेशी मरते. भोकं पडतात हे खरंच. पण २०१४ मध्ये इलिनॉयच्या संशोधकांनी दाखवलं, की मुख्य मार त्याचा नाही. औषधाचे रेणू पटलाच्या बाहेरच्या अंगाला गोळा होऊन स्पंजासारखा अर्गोस्टेरॉल शोषून काढतात. ट्यूबला भोक पडण्यापेक्षा ट्यूबमधलं रबरच ओढून घेण्यासारखं.

इथे वाट बघणं नाही. नवी पेशी घडो न घडो, आहे तीच जाते. पण आपलं कोलेस्टेरॉल त्याच वळणाचं, त्यालाही ते थोडं चिकटतं. म्हणून मूत्रपिंड सोसतं. कुडकुडणं मात्र वेगळ्या कारणाने, औषध आपल्या पांढऱ्या पेशींना चिथावतं म्हणून. लिपोसोमल म्हणजे तेच औषध मेदाच्या बारीक पुडीत बांधलेलं, मूत्रपिंडाला त्रास कमी.

याच कुळातलं थोरलं निस्टॅटिन. त्याची गोष्ट मला फार आवडते. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन ऑल्बनीत. मातीचे नमुने आणि अर्क बरण्यांत भरून दोघी एकमेकींना पोस्टाने पाठवायच्या. व्हर्जिनियातल्या ओळखीच्या शेतावरची माती लागू पडली, १९५० मध्ये औषध जाहीर झालं, नाव न्यूयॉर्क स्टेटवरून. रॉयल्टीचे १ कोटी ३० लाख डॉलर आले, ते सगळे संशोधनासाठी देऊन टाकले. १९६६ च्या पुरानंतर फ्लॉरेन्समधल्या चित्रांवर बुरशी चढली तेव्हाही निस्टॅटिन वापरलं होतं.

सातवी_ब | सोमवार, सकाळी ८:४१

बरण्या पोस्टाने! हे उद्या वर्गात सांगणार. धन्स मावशी.

पाटावरवंटा | सोमवार, सकाळी ११:००

अवांतर: लेकीला जुलाब झाले की यीस्टची पुडी देतात ना, बोलार्डीची? मागच्या महिन्यात तिला तोंडात पांढरे चट्टे म्हणून फ्लुकोनाझोलही चालू होतं. दोन्ही एकदम दिलं. म्हणजे मी एका हाताने पेरलं आणि दुसऱ्या हाताने उपटलं?

आडवाट | सोमवार, सकाळी ११:४०

साधारण तसंच. ते यीस्ट पावाच्याच यीस्टचं सख्खं, पोटातल्या बुरशीच्या औषधासोबत देऊ नका असं माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. नुकसान काही नाही, पुडी वाया. आणि आयसीयूत, नळ्या घातलेल्या पेशंटजवळ ती पुडी फोडायचीही नाही, तीच रक्तात जाऊन बसल्याची उदाहरणं आहेत.

कौलारू | सोमवार, दुपारी ३:२०

डोक्यातला कोंडा पण यीस्टच ना? केटोकोनाझोलचा शाम्पू लावून लगेच धुतो मी. फरक शून्य.

आडवाट | सोमवार, दुपारी ३:३५

मालासेझिया, हो. पाठीवर शिबं येतात तीही हिचीच. हिला तेल लागतं जगायला, म्हणून ती तेलकट जागी राहते. शाम्पू लावून ३ ते ५ मिनिटं थांबा, मग धुवा. आणि कोंडा आहे म्हणून तेल चोपडणं म्हणजे पाहुण्याला जेवण वाढणं.

त्रिफळा | सोमवार, दुपारी ३:४०

आता तेलावरही बंदी? कठीण आहे.

सातवी_ब | सोमवार, संध्याकाळी ५:३०

मंडळी, धागा कोंड्यापर्यंत पोचला, ताईंचा पाव राहिला. ताई, प्रयोग करूनच बघा ना. बाटल्यांच्या तोंडाला फुगे लावा. फेसावर जाऊ नका, मलमातल्या तेलाने फेस बसतो आणि उगाच फसायला होतं. फुगा खोटं बोलत नाही.

निळी शाई | सोमवार, संध्याकाळी ६:००

आणि एका बाटलीत नुसतं कोल्ड क्रीम घाला. नाहीतर क्रीमचा दोष औषधावर जाईल.

तंदूर यांनी दुसऱ्याच प्रतिसादात पाण्याचं विचारलं होतं, कोणी उत्तर दिलं नाही. तीही एक बाटली करा. त्या दिवशी घेतलं होतंत तसंच पाणी.

लादीपाव | मंगळवार, रात्री ९:३०

केला प्रयोग. ओट्यावर चार बाटल्या, प्रत्येकीत १०० मिली पाणी, एक चमचा साखर, अर्धा चमचा यीस्ट. सगळं मोजे घालून. फुगे मुलाच्या वाढदिवसाचे उरलेले, त्यामुळे एकावर "हॅपी" आहे.

पहिली साधी, कोमट पाण्याची. दुसरीत तांदळाच्या दाण्याएवढं मलम ढवळून. तिसरीत तेवढंच कोल्ड क्रीम. चौथीत गॅस गिझरचं थेट पाणी, त्या दिवशी घेतलं तसं. मोजायला घरात तापाचा थर्मामीटर, तो ४२ पर्यंतच. चौथ्या बाटलीत घातल्यावर त्याने हात टेकले.

पहिल्या बाटलीचा फुगा ३५ मिनिटांत ताठ उभा. मलमाची ४० मिनिटांत. कोल्ड क्रीमचीही ४० च्या आसपास. चौथीचा फुगा एक तासाने मान टाकून पडलेला, अजून तसाच आहे.

आणि आता खरी गंमत. मी पाणी कधीच मोजत नाही, बोट बुडवून बघते. डाव्या हाताचं मधलं बोट, वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशी बेचकं चुरचुरत होतं म्हणून बोट बुडवलंच नाही, अंदाजाने ओतलं. गिझर त्याच आठवड्यात नवा बसवलाय, जुन्यापेक्षा जास्त तापतो.

तंदूर | मंगळवार, रात्री ९:३३

पाणी किती गरम होतं, एवढंच विचारलं होतं.

निळी शाई | मंगळवार, रात्री ९:५०

५५-६० अंशांच्या वर यीस्ट टिकत नाही. प्रथिनं अंड्यासारखी आळतात, पटल सैल पडतं. मेथिलिन ब्लूचा थेंब टाकला असता तर चौथ्या बाटलीतल्या झाडून सगळ्या पेशी निळ्या दिसल्या असत्या. जिवंत पेशी तो रंग उडवते, मेलेलीला ते जमत नाही. मलमाच्या बाटलीतल्या बहुतेक बिनरंगी. माझं नाव त्यावरूनच आहे, कोणी विचारलं नाही म्हणून आजवर सांगितलं नव्हतं.

कोकणकडा | मंगळवार, रात्री १०:०५

म्हणजे बोटाला बुरशी झाली नसती तर बोट बुडवलं असतं, पाणी कळलं असतं, पाव फुगला असता. दोष बुरशीचाच. माझं पहिलं उत्तर फिरवून बघा, बरोबर होतं.

शेंगदाणा | मंगळवार, रात्री १०:०७

कोकणकडा, तुमच्या पेशीभित्तिकेवर कुठलंच औषध चालणार नाही.

बाझेलचा बंड्या | मंगळवार, रात्री ११:४०

ताई, मलमाची बाटली टाकू नका. साखर घालून दोन दिवस ठेवा. आता पेशींना नवी पोरं काढावी लागतील, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीत फरक पडतो का बघायला मजा येईल.

लादीपाव | बुधवार, सकाळी ६:५०

बंड्या, ठेवली आहे, "हॅपी" फुग्यासकट, फ्रिजच्या वर. त्यावर चिठ्ठी चिकटवलीय, "पिऊ नये". उजव्या हाताचं बोट बुडवून सवय करतेय, पाणी वेगळंच लागतं. हातमोजे आले. आज सहा लाद्यांची ऑर्डर आहे, गोळा झाकून ठेवलाय, वर येतोय.